खोट्या बिलावरची सही, साहेबांचा राग आणि योगातलं पाप-पुण्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी. साहेब एका पुरवठादाराची फुगवलेली बिलं पास करायला लावतात, आणि आजवर अशा तीन बिलांवर प्रश्नकर्त्याची सही गेली आहे. दोन वर्षांपासून योगवर्ग नियमित चालू आहे. वर्गात ऐकलं की दुर्जनाची उपेक्षा करावी. कुठेतरी वाचलं की योग्याला पापही नाही आणि पुण्यही नाही. इकडे साहेबांचं तोंड दिसलं की डोकं तापतं, रात्री झोप लागत नाही, शवासनात पडलं तरी तीच बिलं डोळ्यांपुढे. घराचे हप्ते चालू आहेत. तर योगाच्या हिशेबाने चांगलं कशाला म्हणायचं, वाईट कशाला, आणि पुढच्या बिलावर सही करायची की नाही?

सहीपुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो. बिल खोटं आहे हे माहीत असताना सही करू नये, आणि योगशास्त्रात त्यातून सुटायला वाट नाही. पण तुमची खरी अडचण सहीपाशी संपत नाही. तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधलेत: हे काम कसं आहे, हा माणूस कसा आहे, आणि माझ्या चित्ताचं काय चाललंय. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी या तिघांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी दिली आहेत. माणसाबद्दल सांगितलेली उपेक्षा तुम्ही कामाला लावलीत, म्हणून सह्या झाल्या. कामाबद्दल ठेवायचा कडकपणा माणसाला लावलात, म्हणून चीड साचली. वर्गात येणाऱ्या बहुतेकांचं असंच उलटसुलट झालेलं असतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. बिलातला फरक खरंच खोटा आहे की त्यात वाहतूक, पॅकिंग, मधल्या काळातली दरवाढ धरली आहे? तुमची सही नेमकी कशाची आहे, माल मिळाल्याची, रक्कम तपासल्याची, की नुसती नोंद केल्याची? घरात दुसरं उत्पन्न आहे का? कायद्याच्या बाजूने ती सही तुम्हाला किती अडकवते हे सीए किंवा वकील सांगेल, योगशिक्षकाने त्यात पडू नये.

आता मोजपट्टीकडे येऊ. पातंजल योगात देव विरुद्ध सैतान असा सामना नाही. चांगली माणसं एका बाजूला आणि वाईट दुसऱ्या बाजूला अशी वाटणीही नाही. योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, म्हणजे व्यासभाष्यात, पहिल्या पादाच्या (भागाच्या) बाराव्या सूत्राखाली, चित्ताला दोन्हीकडे वाहणारी नदी म्हटलं आहे: ती कल्याणाकडेही वाहते आणि पापाकडेही वाहते. विषयांकडचा ओघ वैराग्याने रोखायचा आणि विवेकाकडचा ओघ अभ्यासाने मोकळा करायचा, असं भाष्यकार सांगतात. म्हणजे नदी एकच. साहेबांची वेगळी आणि तुमची वेगळी असं नाही. तिचा उतार आज कुठे आहे एवढाच फरक.

उतार कशाने ठरतो? चित्त मळवणाऱ्या पाच क्लेशांनी: अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग, द्वेष, अभिनिवेश. यातला राग म्हणजे आपला रोजचा राग नव्हे, सुख मिळालं त्याला चिकटून राहणं. आपल्या रागाचं घर द्वेषात आहे. अभिनिवेश म्हणजे जीव वाचवण्याची, आहे ते टिकवण्याची चिवट ओढ, आणि ती विद्वानालाही सुटत नाही असं सूत्रातच म्हटलंय. या पाचांतून जे उठतं आणि त्यांनाच खतपाणी घालतं ते क्लिष्ट, जे विवेकाकडे नेतं ते अक्लिष्ट. रोजच्या व्यवहारात ‘हे चांगलं का?’ याऐवजी ‘हे कशातून उठलं आणि मागे काय ठेवून जाईल?’ असं विचारलं की बरीच धूळ खाली बसते.

पण इथे एक घसरण आहे. ‘सगळं हेतूवर आहे ना, मग माझा हेतू स्वच्छ आहे’ असं म्हणून माणूस सुटू पाहतो. तसं नाही. पतंजली पुण्य आणि अपुण्य दोन्ही मानतात. दुसऱ्या पादात, चौदाव्या सूत्रात ते सरळ सांगतात की पुण्याचं फळ आल्हाद आणि अपुण्याचं परिताप. आणि कृतीचा बाहेरचा निकष तर यमांमध्ये, म्हणजे वागण्याच्या पाच बंधनांमध्ये, बसवलेलाच आहे: अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवण न करणं). तुकोबांनी एका ओळीत तेच बसवलं, ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’. हेतू आत तपासायचा, कृती बाहेर तपासायची. एकाची सबब दुसऱ्याला चालत नाही.

मग ‘योग्याला पाप-पुण्य नाही’ हे कुठून आलं? दोन ठिकाणांहून. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या पन्नासाव्या श्लोकात बुद्धियुक्त माणूस सुकृत आणि दुष्कृत दोन्ही इथेच टाकतो असं आहे. आणि योगसूत्रांच्या चौथ्या पादातलं सातवं सूत्र म्हणतं की योग्याचं कर्म ना पांढरं ना काळं, इतरांचं तीन प्रकारचं. भाष्यात हे चार प्रकार उलगडले आहेत. काळं कर्म दुरात्म्यांचं. काळं-पांढरं मिसळलेलं, जे बाहेरच्या साधनांनी होतं आणि ज्यात कुणाला तरी त्रास आणि कुणावर तरी उपकार दोन्ही होतात. पांढरं, तप, स्वाध्याय आणि ध्यान यांचं. आणि चौथं, ना पांढरं ना काळं, ते ज्यांचे क्लेश क्षीण झाले आणि ज्यांनी फळाचा संन्यास केला त्यांचं.

हा क्रम नीट बघा. चौथ्या पायरीवर जायचा रस्ता पांढऱ्यातून आहे. पगार टिकावा म्हणून केलेली खोटी सही ही फळासाठीच केलेली आहे, तेव्हा ‘मी कर्ता नाही, सही झाली’ हे म्हणणं तिथे लागू पडत नाही. हे वाक्य ज्याला खरंच शोभतं त्याला ते सहसा स्वतःच्या बचावासाठी वापरावं लागत नाही.

उलट्या टोकाला जाऊ नका, तेही होतं. मिसळलेलं कर्म कळलं की काही जण प्रत्येक गोष्टीत पाप शोधू लागतात: शेतीत किडे मरतात, गाडीने धूर होतो, मग नोकरीच नको. गीतेचा अठरावा अध्याय म्हणतो की सगळीच कामं दोषाने वेढलेली असतात, धुराने अग्नी वेढावा तशी, म्हणून सहज कर्म सदोष असलं तरी टाकू नये. हिशेबनिसाची नोकरी हे मिसळलेलं काम आहे आणि ते निर्धास्त करावं. खोटं बिल हा त्या कामाचा अटळ धूर नाही. ते न करताही हिशेब ठेवता येतात. अटळ दोष आणि टाळता येणारा दोष यांतली रेघ ओळखायची ही साधी कसोटी आहे, आणि दहातल्या नऊ प्रसंगांत ती पुरते.

आता सगळ्यात कामाच्या सूत्राकडे येतो. दुसरा पाद, सूत्र चौतिसावं. हिंसादी वितर्क, म्हणजे यमांच्या विरुद्ध जाणारे विचार, तीन तऱ्हेने होतात: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, आणि दुसऱ्याने केल्यावर मान डोलावलेले, कृत, कारित, अनुमोदित. त्यांच्यामागे तीन कारणं: लोभ, क्रोध, मोह. आणि तीव्रता तीन: सौम्य, मध्यम, अतितीव्र. भाष्यकार गुणाकार करून सत्तावीस भेद दाखवतात, मग प्रत्येक तीव्रतेचे पुन्हा तीन करून एक्याऐंशी.

ही नुसती पंडिती आकडेमोड वाटते, पण तुमच्या टेबलावर ती चपखल बसते. पुरवठादाराने जादा पोती लावली हे त्याचं कृत. साहेबांनी तुम्हाला सही करायला लावली हे त्यांचं कारित. तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलंत हे अनुमोदित, आणि सही स्वतःच्या हाताने केल्यामुळे थोडं कृतही. ‘मी तर फक्त सही केली’ या वाक्याला या कोष्टकात जागाच उरत नाही. आता कारण बघा. तुम्हाला त्यातून पैसे मिळाले नाहीत, म्हणजे लोभ नाही. क्रोध नाही. उरला मोह, आणि त्याच्या तळाशी अभिनिवेश, नोकरी जाईल ही भीती. तीव्रता? पहिल्या बिलाला कदाचित सौम्य असेल. तिसऱ्याला मध्यम, कारण तेव्हा माहीत होतं. हाच हिशेब तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही सांभाळतो. ‘मी महापापी’ असं रात्री तीन वाजता वाटतं ना, तेही मापात बसत नाही. जे आहे ते एवढंच आहे: अनुमोदित, मोहातून, मध्यम. त्याच्यावर काम करता येतं. महापापावर नुसतं रडता येतं.

कारण नेमकं सापडलं की उपाय बदलतो, म्हणून इतका वेळ त्यावर घालवला. लोभ असता तर अपरिग्रहाकडे, खर्च कमी करण्याकडे वळवलं असतं. तुमच्याकडे भीती आहे. भीतीवर संयमाचे धडे चालत नाहीत. तिला वस्तुस्थिती लागते: किती महिन्यांची शिल्लक आहे, हप्ता किती, दुसरी नोकरी शोधायला किती वेळ लागेल. हे कागदावर मांडणं हाही स्वाध्यायच समजा. भीती आकड्यात आली की निम्मी होते असं मी म्हणणार नाही, पण ती निदान शवासनात शिरायची थांबते.

आता उपेक्षा. पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र चार वृत्ती सांगतं: सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्याबद्दल मुदिता म्हणजे आनंद, अपुण्याबद्दल उपेक्षा. आणि कशासाठी, तर चित्त प्रसन्न व्हावं म्हणून. हे सूत्र तुमच्या चित्ताची निगा राखण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या अपुण्यात तुमचा वाटा किती असावा हे ते सांगत नाही. तो विषय यमांचा आहे. साहेब वाईट वागतात याचा दिवसभर रवंथ करायचा नाही, त्यांचं वाटोळं कधी होईल याची वाट पाहायची नाही, जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करून चार जणांना हसवायचं नाही, ही उपेक्षा. त्यांच्या बिलावर डोळे मिटून सही करणं ही उपेक्षा नव्हे.

फरक कळण्यासाठी एक चाचणी देतो. बिलातला फरक तुम्ही साहेबांना सपाट आवाजात, एका वाक्यात सांगू शकता का? सांगू शकत असाल तर आत उपेक्षा आहे. घसा कोरडा पडत असेल तर तिथे भीती आहे आणि तिने उपेक्षेचे कपडे घातलेत. आवाज चढत असेल तर द्वेष आहे. एरवी तिन्ही वेळा बाहेरून माणूस गप्पच दिसतो, म्हणून इतरांना ओळखू येत नाही, तुम्हाला येतं.

या सूत्रातल्या मुदितेकडे फार कमी लोक जातात, आणि तुमच्यासारख्या प्रसंगात तीच जास्त उपयोगी आहे. तुमच्या कंपनीच्या गेटवर कुणीतरी माणूस आवक रजिस्टरमध्ये खरा आकडा लिहितोय. तो लिहितोय म्हणूनच तर बिलातला फरक तुम्हाला दिसतो. त्याच्याकडे कधी लक्ष गेलंय? सगळं ऑफिस सडलंय हे चित्र रागाने रंगवलेलं असतं. मुदिता ते दुरुस्त करते, कारण ती प्रत्यक्षात असलेल्या चांगल्याकडे बोट दाखवते. रोज अशी एक गोष्ट टिपा. मनाला गोड वाटावं म्हणून नव्हे, चित्र खरं राहावं म्हणून.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी ‘नाठाळाचे माथी हाणू काठी’ लिहिलंय. काठीला माझी हरकत नाही. लेखी हरकत घेणं, वर तक्रार करणं, गरज पडली तर पोलिसांत जाणं, या काठ्याच आहेत आणि योग त्यांच्या आड येत नाही. बघायचं ते इतकंच की काठी कशावर बसते. ज्ञानेश्वरांनी पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असं मागितलं. खळ नाहीसे होवोत असं नाही मागितलं, त्यांचा वाकडेपणा गळून पडो असं मागितलं, आणि लगेच पुढे त्यांना सत्कर्माची आवड लागो असंही. काठी वाकडेपणावर बसली तर काम संपल्यावर ती हातातून खाली ठेवता येते. माणसावर बसली की रात्री झोपेतही हातातच राहते.

आणि एक जरा बोचणारी गोष्ट. अन्यायाच्या रागात एक सुख असतं. आपण स्वच्छ बाजूला आहोत ही जाणीव गोड लागते, आणि त्या गोडीसाठी मन पुन्हा पुन्हा साहेबांकडे जातं. म्हणजे द्वेषाच्या पोटात राग हा क्लेश आणि त्याच्या पोटात अस्मिता. दुष्टपणाविरुद्ध लढणाऱ्याचं चित्तही तितकंच क्लिष्ट होऊ शकतं ते असं. लढू नका असा याचा अर्थ नाही. लढताना आतला हिशेब चालू ठेवा, एवढंच.

प्रत्यक्ष करायचं काय? दुसऱ्या पादातलं सूत्र तेहतिसावं: वितर्कांनी छळलं तर प्रतिपक्षभावना. हिचा अर्थ बरेच जण ‘वाईट विचार आला की चांगला विचार करायचा’ असा लावतात, आणि साहेबांबद्दल बळेच प्रेम वाटून घेऊ लागतात. ते चार दिवसांत फुटतं. पुढच्याच सूत्रात पतंजलींनी भावनेचा मजकूर दिलेला आहे: हे वितर्क अनंत दुःख आणि अज्ञान हे फळ देणारे आहेत, हेच प्रतिपक्षभावन. म्हणजे जे करणार आहोत त्याचं फळ स्पष्ट पाहायचं.

टेबलावर बिल आलं की आधी कागद: परचेस ऑर्डर, गेटची आवक नोंद, बिल, तिन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवा. सत्याची सुरुवात इथून होते. न तपासता ‘खोटं असणारच’ म्हणणं हेही असत्यच. फरक निघाला आणि पोटात गोळा आला, तर दोन मिनिटं श्वास. नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, बारा आवर्तनं. बाहेर सोडणं लांबवायचं, कुंभक करायचा नाही. भ्यालेला माणूस आधीच श्वास धरून बसलेला असतो, त्याला आणखी धरायला लावलं की छातीत धडधड वाढते. डोळे उघडेच ठेवा, ऑफिसात कुणाला कळायचं कारण नाही. मग मनात एक वाक्य पूर्ण करा: ‘मला ही सही करावीशी वाटते, कारण...’ कारणाच्या जागी जे येईल ते खरं लिहा. त्यानंतर फळ: ही सही झाली तर पुढचं बिल नाकारणं सोपं होईल की अवघड? पहिल्या सहीपेक्षा दुसरीला हात कमी थरथरला होता, आठवतंय? संस्कार म्हणतात तो हाच. आणि शेवटी त्याच दिवशी उलट्या दिशेची एक छोटी कृती, मग ती बिलावर प्रश्न विचारणारी दोन ओळींची चिठ्ठी का असेना. कृतीशिवाय नुसती भावना वाऱ्यावर जाते.

हे बिघडतं कुठे? एक, क्लेश ऐन उसळीत असताना केलं तर. सूत्रांत क्लेशाच्या चार अवस्था आहेत: झोपलेला, क्षीण झालेला, दबलेला आणि उसळलेला. उसळलेल्या अवस्थेत विचार चालत नाही. तेव्हा फक्त श्वास घ्या, जागेवरून उठा, पाणी प्या, निर्णय अर्ध्या तासाने. दोन, दबलेल्याला क्षीण समजलं तर. ही चूक सगळ्यात जास्त होते. साहेब आठवडाभर रजेवर गेले, राग आला नाही, आणि वाटलं साधना फळली. भाष्यात याचं मासलेवाईक उदाहरण आहे: चैत्र एका स्त्रीवर अनुरक्त आहे म्हणजे इतरांविषयी विरक्त झाला असं नाही. ऑफिसात दाबलेला राग घरी मुलाच्या गृहपाठावर निघत असेल तर तो कमी झालेला नाही, त्याने फक्त पत्ता बदललाय. क्षीण झाल्याची खूण वेगळी: तेच साहेब, तेच बिल, तोच टोमणा, आणि उसळी उशिरा येते, कमी वेळ टिकते. तीन, प्रतिपक्षभावनेचा चाबूक करून स्वतःलाच हाणलं तर. स्वतःबद्दलचा द्वेषही द्वेषच.

बोलायचं कसं, याला व्यासभाष्याने सत्यावर घातलेल्या अटी पुरेशा आहेत. वाणी फसवणारी नको, गोंधळात टाकणारी नको, ज्यातून काही कळत नाही अशी पोकळ नको, आणि ती प्राण्यांच्या भल्यासाठी असावी, घातासाठी नाही. तुमच्या चिठ्ठीला ही चाळणी लावा. ‘आपल्या कंपनीत सगळा सावळागोंधळ चालू आहे’ हे गोंधळात टाकणारं आणि पोकळ. ‘काही बिलांबाबत शंका आहे’ हे पोकळ. असं लिहा: ‘ऑर्डर ४० पोती, गेट नोंद ३२ पोती, बिल ४० पोतींचं. ८ पोतींच्या फरकाचा खुलासा मिळाल्यावर बिल पुढे पाठवतो.’ विशेषण एकही नाही, आरोप नाही, आणि खोटंही नाही. ऑफिसच्या ई-मेलवरच पाठवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. साहेबांना मागे यायला यात दारही उघडं राहतं, आणि व्यवहारात अहिंसा बऱ्याचदा एवढीच असते.

हप्ते चालू असताना पूर्ण सत्याचं व्रत झेपेल का, ही तुमची शंका रास्त आहे. पतंजली म्हणतात की जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा नसतील तेव्हा यम महाव्रत होतात. मर्यादित व्रत कसं असतं ते भाष्यकार कोळ्याच्या उदाहरणाने सांगतात: त्याची हिंसा माशांपुरतीच, इतरत्र नाही, कुणी म्हणतो तीर्थावर मारणार नाही, कुणी म्हणतो चतुर्दशीला मारणार नाही. हे महाव्रत नव्हे, पण संसारी माणसाची सुरुवात बहुधा अशीच होते. तुमचं व्रत आज एवढंच ठेवा: माझ्या सहीने खोटा आकडा पुढे जाणार नाही. साऱ्या कंपनीचा कारभार सुधारण्याचं ओझं आज घेऊ नका. मर्यादा कुठे आहे हे मात्र स्वतःला ठाऊक असू द्या. तिलाच पूर्ण सत्य म्हणायला लागलात की वाढ तिथेच थांबते. सहा महिन्यांनी ती थोडी सरकवता येते का पाहा.

‘वाईट वागणारे मजेत कसे?’ हेही विचारलंय. कर्माशयाचं, म्हणजे साठलेल्या कर्मसंस्कारांचं, फळ या जन्मात किंवा पुढच्या जन्मात मिळतं असं सूत्र आहे. पुनर्जन्म मानणाऱ्याला ते पुरतं, न मानणाऱ्याला पुरत नाही, आणि दोघांनाही त्यावरून आज करायचं काम बदलत नाही. साहेबांच्या खात्याचा ताळेबंद तुमच्या टेबलावर येत नाही, तो मागवूही नका. सूत्र सांगतं की टाळायचं ते न आलेलं दुःख. म्हणजे चौथं बिल.

आतापर्यंतचं एकत्र धरलं तर: कृतीला यम लावा, माणसाला चार भावना, स्वतःच्या मनाला कृत-कारित-अनुमोदिताचं कोष्टक. रोज रात्री वहीत एक ओळ पुरे: काय झालं, तीनपैकी कोणतं, कशातून, किती. आठवड्याला एकदाच मागे वळून वाचा. रोज वाचलं तर खाज सुटते.

राहिली झालेली तीन बिलं. क्रियायोगाचे तीन भाग इथे तसेच्या तसे लावा. स्वाध्याय म्हणजे तिन्ही बिलांच्या तारखा, नंबर आणि फरक स्वतःच्या वहीत नीट लिहिणं. ऑफिसचे कागद घरी नेऊ नका. तप म्हणजे त्याचे जे परिणाम येतील ते सोसण्याची तयारी. ईश्वरप्रणिधान म्हणजे कृती केल्यावर निकालावरचा हात काढणं, आधी नाही. क्रम मात्र सांभाळा. पुढच्या बिलावरची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहू शकता, पण जुन्या बिलांबद्दल एक अक्षरही लेखी देण्याआधी सीए किंवा वकिलाला भेटा, कारण त्यांवर तुमची सही आहे आणि तुमचं म्हणणं कसं मांडलं जातं यावर पुढचं बरंच ठरेल. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार तिला अशा तक्रारींसाठी यंत्रणा ठेवावी लागते, आणि अपवादात्मक प्रसंगी थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जाण्याची सोय त्यात असते. तुमच्या कंपनीचं ते धोरण वेबसाइटवर शोधा आणि भेटीला जाताना त्याची प्रत सोबत न्या.